नकाशावरचा बाण आणि बोटीवरचा माणूस : फिलिपिनो खलाशांच्या जीवनाचा एक अभ्यास

भूगोलाच्या तासाला आम्हांला जागतिक व्यापाराचा नकाशा काढावा लागतो. ब्राझीलहून चीनकडे लोहखनिज, इराणच्या आखातातून जपानकडे तेल, ऑस्ट्रेलियाहून पूर्व आशियाकडे कोळसा असे जाड-बारीक बाण आपण निळ्या समुद्रावर ओढतो. व्यापार जितका मोठा तितका बाण जाड, एवढेच आपण ध्यानात ठेवतो. परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. असाच एक बाण रंगवीत असताना माझ्या मनात एक साधा प्रश्न आला : हा बाण पुढे ढकलतो कोण?

जगातील व्यापारी मालापैकी, आकारमानाच्या हिशेबाने, ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२१ साली जी पाहणी प्रसिद्ध केली तीनुसार ही वाहतूक करणारे खलाशी व अधिकारी मिळून सुमारे १८ लाख ९० हजार होते. म्हणजे साऱ्या जगाची चूल आणि गिरणी चालू ठेवणारी ही माणसे एखाद्या मोठ्या शहराच्या लोकसंख्येइतकीही नाहीत. ही माणसे पुरविणाऱ्या देशांत पहिला क्रमांक फिलिपीन्सचा आहे. आपला भारतही पहिल्या पाचांत आहे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक घरगुती कारणही आहे. माझे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले. आमच्याकडे एखाद्याची चौकशी केली तर 'तो बोटीवर आहे' एवढे उत्तर पुरते. माझे काका असेच बरीच वर्षे बोटीवर होते. आता निवृत्त होऊन गावी आंब्याची कलमे पाहतात. त्यांच्या गोष्टींत इंग्रज, ग्रीक, कोरियन असे कप्तान येत. पण बरोबरीचा, एका ताटात जेवणारा माणूस बहुधा फिलिपिनोच असे. त्यांतली एक गोष्ट पुढे सांगणार आहे. प्रस्तुत लेख हा त्या अनोळखी सोबत्यांविषयी मी जे वाचले व विचार केला त्याचा सारांश आहे.

गॅलियनपासून मालवाहू जहाजापर्यंत

फिलिपीन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश. तेथे एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे म्हणजे पुष्कळदा होडीत बसणेच. पण केवळ बेटांवर राहिल्याने कोणी जगाचा खलाशी होत नाही. त्याला इतिहास कारणीभूत होतो.

१५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, मनिला आणि मेक्सिकोचे अकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पेनची गॅलियन जातीची प्रचंड गलबते ये-जा करीत. चीनचे रेशीम व चिनी मातीची भांडी इकडून जात आणि अमेरिकेची चांदी तिकडून येई. यांतील बरीच गलबते मनिलाजवळच्या काविते येथे स्थानिक लोकांच्या सक्तीच्या श्रमांतून बांधली गेली. ती चालविणाऱ्यांतही स्थानिक खलाशांचा भरणा मोठा होता. अकापुल्कोपर्यंतच्या प्रवासाला चार ते सहा महिने लागत. एकाच शिडाला हात लावणाऱ्या स्पॅनिश खलाशापेक्षा फिलिपिनो खलाशाला वेतन कमी मिळे. १५८७ साली अशाच एका गॅलियनमधून आलेले लुझोन बेटावरचे काही जण कॅलिफोर्नियाच्या मोरो उपसागरात किनाऱ्यावर उतरले. अमेरिकेच्या भूमीवर फिलिपिनो माणसांनी पाऊल ठेवल्याची ही पहिली ज्ञात नोंद मानली जाते.

मनिलाजवळच्या अँटिपोलो येथे मेरीमातेची एक मूर्ती आहे. ती १६२६ साली अकापुल्कोहून आली आणि पुढे काही गॅलियनांबरोबर तिने समुद्रप्रवासही केला. शांतीची व सुखरूप प्रवासाची माता म्हणून तिची ख्याती आहे. परदेशी निघालेली माणसे आजही तिच्या दर्शनाला जातात. गलबते बदलली, मालक बदलले. निघण्यापूर्वीची धाकधूक मात्र तीच राहिली.

१८२० साली मनिलात नौकानयनाची शाळा निघाली. १८९८ नंतर अमेरिकन राजवटीत शाळांतून इंग्रजी आली, आणि जहाजावरचे हुकूम समजणारा, लिहिता-वाचता येणारा तरुण वर्ग तयार झाला. तथापि खलाशांची ही लाट उसळली ती १९७० नंतर. तेलाच्या किमती भडकल्या, देशात बेकारी वाढली, परकीय चलनाची चणचण भासू लागली. १९७४ साली अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या राजवटीत नवी कामगार संहिता आली आणि खलाशांना परदेशी जहाजांवर धाडण्यासाठी एक सरकारी मंडळ स्थापन झाले. माणसे परदेशी पाठविणे हे सरकारचे धोरणच बनले. त्याच वेळी युरोपातील जहाजमालक आपल्या देशाचे निशाण उतरवून पनामा, लायबेरिया यांसारख्या देशांत जहाजांची नोंदणी करू लागले होते; त्यांना कमी पगारात शिकलेली माणसे हवी होती. मागणी आणि पुरवठा यांची अशी गाठ पडली.

मिळकतीचा हिशेब

मनिलात लुनेटा उद्यानाच्या कडेने टी. एम. कलाव नावाचा रस्ता जातो. तेथे वर्षानुवर्षे खलाशांचा बाजार भरत आला आहे. 'बाजार' हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. भरती करणाऱ्या एजन्सींची माणसे 'बोसन पाहिजे', 'कुक पाहिजे' असे फलक घेऊन उभी राहत आणि कागदपत्रांचे पुडके हाती धरलेले शेकडो पुरुष त्यांच्याभोवती फिरत. नौकानयनाची पदविका घेतलेली पोरे बोटीवर पहिली जागा मिळावी म्हणून एजन्सीच्या कचेरीत महिनोन्‌महिने चहा-कॉफी आणणे, टपाल पोहोचविणे अशी कामे फुकट किंवा नाममात्र पैशांत करतात. त्यांना तिकडे 'युटिलिटी' म्हणतात. आपल्याकडील उमेदवारीची ही समुद्रापारची बहीणच म्हणावी लागेल.

नोकरी मिळाली की ती कायमची नसते. सहा, आठ, नऊ महिन्यांचा करार. तो संपला की घरी. मग पुन्हा नवा करार आणि नवी वैद्यकीय तपासणी. मूळ पगारातील किमान ८० टक्के रक्कम बँकेमार्फत मायदेशी पाठविणे कराराने बंधनकारक असते. २०२३ साली पाच लाखांहून अधिक फिलिपिनो खलाशी जहाजांवर रुजू झाले, आणि त्या वर्षी एकट्या खलाशांनी मायदेशी पाठविलेली रक्कम सहा अब्ज डॉलरांहून अधिक होती. इलोइलोसारख्या प्रांतातील कित्येक पक्की घरे, भावंडांच्या कॉलेजच्या फिया आणि आईबापांची औषधे या पैशांवर उभी आहेत. तेव्हा ही नोकरी म्हणजे निव्वळ पिळवणूक असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. पुष्कळांनी ती डोळे उघडे ठेवून पत्करलेली आहे. प्रश्न एवढाच की, या पैशांच्या मोबदल्यात त्यांच्याकडून काय काय घेतले जाते?

धोके : दिसणारे आणि न दिसणारे

समुद्राचा धोका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वादळ येते. ते खोटे नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी न्यूझीलंडहून चीनकडे सुमारे ५,८०० गुरे घेऊन निघालेले 'गल्फ लाइव्हस्टॉक १' हे जहाज पूर्व चीन समुद्रात चक्रीवादळात सापडून बुडाले. त्यावरील ४३ माणसांपैकी ३९ फिलिपिनो होती. वाचली केवळ दोन.

पण वादळाइतकाच घातकी शत्रू जहाजाच्या पोटात असतो, हे मला नव्याने कळले. २ जानेवारी २०१५ रोजी 'बल्क ज्युपिटर' हे जहाज व्हिएतनामच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडाले. मलेशियातील क्वांतान बंदरातून त्यात सुमारे ४६,००० टन बॉक्साइट भरले होते. जहाजावरचे १९ जण सारेच्या सारे फिलिपिनो. त्यांतील १८ गेले. वाचला तो एकटा मुख्य आचारी. चौकशीत आढळले ते असे : माल भरताना बंदरात जोराचा पाऊस पडत होता आणि बॉक्साइटमधील ओलावा मान्य मर्यादेच्या दुपटीहून अधिक होता.

ओल्या मातीने जहाज कसे बुडते, हे समजून घेण्यासारखे आहे. बारीक खनिजाच्या कणांमध्ये पाणी अडकलेले असते. इंजिनाच्या कंपनांनी आणि लाटांच्या हेलकाव्यांनी कण दाबले जातात, पाण्यावर दाब येतो, आणि वरून कोरडा दिसणारा ढीग चिखलासारखा वाहू लागतो. बॉक्साइटच्या बाबतीत पाणी व बारीक कण वर येऊन राड्याचा थर तयार होतो, असे पुढच्या अभ्यासात दिसून आले. परिणाम एकच : जहाज एका बाजूला कलले की माल त्या बाजूला सरकतो आणि परत येत नाही, पुढच्या लाटेला ते आणखी कलते. मग काही मिनिटांचाच अवकाश. यावर बोटीवरच करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. डबा अर्धा खनिजाने भरायचा, वीतभर उंचीवरून कठीण जागेवर पंचवीस वेळा आपटायचा, आणि वर ओल फुटते का ते पाहायचे. ओल फुटली तर माल संशयास्पद. परंतु ओलाव्याचा दाखला देतो माल पाठविणारा; बंदरात खोळंबलेल्या प्रत्येक दिवसाचे भाडे अंगावर येत असते; आणि 'माल घेत नाही' असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला पुढचा करार मिळेलच अशी शाश्वती नसते. म्हणून डबा आपटण्याची अक्कल पुरत नाही, डबा आपटल्यावर नकार देण्याची मुभाही लागते. ऑक्टोबर २०१७ मध्ये 'एमराल्ड स्टार' हे निकेलचे खनिज नेणारे जहाज फिलिपीन्सच्या पूर्वेस बुडाले, तेव्हा त्यावरचे सर्व २६ जण भारतीय होते. त्यांतील दहा जण परत आले नाहीत. समुद्र पासपोर्ट पाहत नाही.

दुसरा धोका बंद जागेचा. लोखंड गंजताना हवेतील प्राणवायू शोषून घेते. लाकडाचे ओंडके, कोळसा व काही खनिजेही तेच करतात. अशा बंद कोठारात वा टाकीत उतरलेला माणूस काही श्वासांतच बेशुद्ध होऊन पडतो. हवेला वास नसतो, रंग नसतो. आणि खरी शोकांतिका पुढेच असते : वरून पाहणारा सोबती त्याला काढायला खाली धावतो आणि तोही पडतो. म्हणूनच २०१५ पासून अशा जागेत शिरण्याची व सुटकेची कवायत दर दोन महिन्यांनी घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचे केले आहे.

काकांची गोष्ट हीच आहे. एका बोटीवर कोठाराच्या शिडीने उतरलेला एक तरुण खलाशी खाली कोसळला. काका तोंडाशी उभे होते. ते तसेच खाली निघाले. तेव्हा मागून फिलिपिनो बोसनने त्यांचा कमरपट्टा धरला आणि त्यांना अक्षरशः मागे फेकले. काकांनी त्याला शिव्या घातल्या, हात उगारला. तो सोडीना. श्वसनयंत्र लावून दोघे जण खाली गेले आणि पोराला वर आणले, तोवर उशीर झाला होता. "त्या रात्री तो बोसन डेकवर बसून रडत होता," काका सांगतात. "अरे, मला धरून ठेवायला त्याला केवढं बळ लागलं असेल, ते मला तेव्हा कळलं नाही."

तिसरा धोका माणसांनीच निर्माण केलेला. सोमाली चाचेगिरीच्या काळात अनेक फिलिपिनो व भारतीय खलाशी एकाच दोरीने बांधले गेले. मार्च २०१२ मध्ये पकडलेल्या 'नाहाम ३' या मासेमारी जहाजावरील खलाशांची, ज्यांत फिलिपिनोही होते, सुटका झाली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये. अलीकडे तांबड्या समुद्रात तेच घडले. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी तुर्कस्तानहून गुजरातच्या पिपावाव बंदराकडे येणारे 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज हूथी बंडखोरांनी हेलिकॉप्टरमधून उतरून ताब्यात घेतले. त्यावरच्या २५ जणांपैकी १७ फिलिपिनो होते. ते सुटले २२ जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे चौदा महिन्यांनी. ६ मार्च २०२४ रोजी 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र आदळून दोन फिलिपिनो व एक व्हिएतनामी खलाशी ठार झाला. वाचलेल्यांना, ज्यांत एक भारतीय होता, आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने वाचवून जिबुतीला पोहोचविले. जुलै २०२५ मध्ये 'इटर्निटी सी' हे बहुसंख्य फिलिपिनो खलाशांचे जहाज बुडविले गेले. त्या हल्ल्यातही माणसे मेली. यांतील कोणाचेही त्या युद्धाशी भांडण नव्हते. जहाज एका देशाच्या मालकाचे, निशाण दुसऱ्याचे, माल तिसऱ्याचा. मरणारा मात्र बहुधा चौथ्याच देशाचा असतो.

शेवटचा धोका बातमीत येत नाही. तो थकव्याचा आणि एकटेपणाचा. आंतरराष्ट्रीय नियमाने खलाशाला चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. हिशेब उलटा मांडला तर आठवड्याला ९१ तास काम कायदेशीर ठरते! २०२० मध्ये कोविडच्या साथीत बंदरे बंद झाली, तेव्हा सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून पडले. आपण घरात कोंडले गेलो म्हणून कुरकुरत होतो. आपले धान्य, तेल आणि औषधे आणणारी ही माणसे घराबाहेर कोंडली गेली होती.

सन्मान म्हणजे काय?

फिलिपीन्समध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी राष्ट्रीय खलाशी दिन पाळतात. २०१० साली मनिलातच भरलेल्या परिषदेने २५ जून हा जागतिक खलाशी दिन ठरविला. अध्यक्षा कोराझॉन अक्विनो यांनी १९८८ मध्ये हाँगकाँगमधील फिलिपिनो मोलकरणींना 'नवे वीर' म्हटले आणि हे बिरुद पुढे परदेशी राबणाऱ्या सर्वांनाच चिकटले. या गोष्टींना मी हसत नाही. ज्याचे काम कोणाला दिसतच नाही त्याला वर्षातून एकदा का होईना समोर बोलावणे, यात माणुसकी आहे.

परंतु वीर म्हटले की एक सोय होते : वीराने मरायचे असते, आणि आपण हार घालायचा असतो. म्हणून सन्मानाची कसोटी हारांवर नव्हे, करारातील कलमांवर लावली पाहिजे असे मला वाटते. फिलिपिनो खलाशाच्या प्रमाणित करारानुसार कामावर मृत्यू आल्यास वारसांना ५०,००० डॉलर आणि २१ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे, चारांपर्यंत, ७,००० डॉलर मिळतात. आजारी वा जखमी होऊन घरी परतलेल्याने कामाचे तीन दिवस उलटण्याच्या आत कंपनीच्या डॉक्टरपुढे हजर व्हावे लागते. एरवी त्याचा हक्क धोक्यात येतो. मनिलापासून दूरच्या बेटावर राहणाऱ्या, पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला हे तीन दिवस किती लहान वाटत असतील!

जगातील खलाशांचा हक्कनामा म्हणून ओळखला जाणारा २००६ चा सागरी कामगार करार अमलात यायला ३० राष्ट्रांची मान्यता लागत होती. ते तिसावे राष्ट्र फिलिपीन्स होते. २० ऑगस्ट २०१२ रोजी त्याने मान्यता दिली आणि वर्षभराने करार लागू झाला. ही गोष्ट त्या देशाला भूषणावह आहे. पुढे २३ सप्टेंबर २०२४ रोजी 'फिलिपिनो खलाशांची सनद' म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. सुरक्षित प्रवास, संघटना करणे, प्रशिक्षण, वैद्यकीय मदत असे हक्क त्यात एकत्र गुंफले आहेत. मात्र त्यातील एका कलमावर खलाशांच्या संघटना नाराज आहेत. खलाशाच्या बाजूने भरपाईचा निवाडा झाला, पण कंपनीने वरच्या न्यायालयात दाद मागितली, तर वादातील रक्कम हाती घेण्यासाठी खलाशाने जामीन भरावा, असे ते कलम म्हणते. कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. वरच्या न्यायालयात निकाल फिरला तर दिलेली रक्कम परत मिळत नाही, आणि खलाशांच्या दुःखावर पोट भरणारे वकीलही आहेत, असे त्या म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. पण दोन पक्षांपैकी कोणाला थांबणे परवडते, हा प्रश्न उरतोच. कंपनी पाच वर्षे थांबू शकते. हात गमावलेला माणूस पाच महिने थांबू शकत नाही. जामीन भरण्याइतके पैसे असते तर त्याने खटला घाईने चालविला नसता. वीराकडे जामीन मागणारी सनद अपुरीच म्हटली पाहिजे.

आपला धडा

हा विषय आपल्याला परका नाही. 'सारंग', 'तांडेल', 'भंडारी' ही पदे एके काळी इंग्रजांच्या बोटींवर सर्वत्र चालत, आणि ती भूषविणारे कितीतरी जण कोकणचे व गोव्याचे होते. मुंबईत मस्जिद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात एक स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशा, पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे ते स्मारक. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? मी स्वतः हा लेख लिहीपर्यंत त्याचे नावही ऐकले नव्हते, हे कबूल करतो.

लेख लिहून झाल्यावर मी काकांना विचारले, "त्या बोसनचं नाव काय होतं?" काका बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "आम्ही त्याला 'बोस'च म्हणायचो. करार संपला, तो मनिलाला उतरला, मी पुढे गेलो. नाव विचारायचं राहूनच गेलं." काकांचा जीव ज्याने वाचविला त्याचे नाव आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही. मग ज्यांचे गहू आणि तेल आपण रोज वापरतो त्यांची नावे कशी ठाऊक असणार?

पुढच्या परीक्षेत मी पुन्हा बाण काढीन, तो तसाच जाड असेल. परंतु त्याच्या टोकाशी एक माणूस उभा आहे, त्याला विश्रांती मिळाली आहे की नाही, त्याच्या कोठारातला माल ओला आहे की कोरडा, आणि तो पडला तर त्याच्या घरी न्याय वेळेवर पोहोचणार आहे की नाही, हे प्रश्न मला त्या बाणाबरोबर आठवतील. खलाशाचा सन्मान या प्रश्नांपासून सुरू होतो, असे मला वाटते.